खुर्चीपुढचं गाऱ्हाणं

अनगोळातल्या त्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक प्लास्टिकची, आप्पा कामावरून आल्यावर बसायचे ती. दुसरी लोखंडी, घडीची, घरमालकानं कुठल्याशा लग्नातून उरलेली आणून दिलेली. रचना घाडी रोज या दुसऱ्या खुर्चीसमोर उभी राहून बोलायची. खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी असायची. त्या घोंगडीला ती 'माय लॉर्ड' म्हणायची.

ती बेळगावात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. गाव खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. आई राजाबाई तिथं म्हशी आणि भाताची शेतं सांभाळून होती. वडील भावकू घाडी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. मुलीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा त्यांनी कामाजवळच ही खोली घेतली. पाळ्या बदलत्या असल्यामुळे बापलेकीची गाठ पडायची ती बहुतेक भांड्यांतून. ताट पालथं दिसलं की आप्पा जेवून गेले. आमटीवरचं झाकण सरकलेलं असलं की आज त्यांना भूक नव्हती. रचनाला हे सगळं वाचता यायचं. बोलायची वेळ फारशी यायची नाही.

कॉलेजातही तिला कुणी त्रास देत नव्हतं. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, इतकंच. पहिली दोन वर्षं खिडकीकडच्या बाकावर गेली. शेजारची जागा कधी कुणाच्या बॅगेची, कधी ओल्या छत्रीची. मग एकदा फलकावर मूट कोर्टची सूचना लागली. कल्पित खटला, विद्यार्थीच वकील, समोर न्यायाधीश म्हणून बाहेरचे वकील नाहीतर प्राध्यापक. बाजू लेखी मांडायची, मग उभं राहून तोंडी. रचनानं ते सगळं वाचलं, पण तिची नजर थांबली ती एका नियमावर: टीम तिघांचीच हवी. दोन बोलणारे आणि एक संदर्भ शोधणारा. म्हणजे तिसरं माणूस नसेल तर बाकीच्या दोघांना पुढे जाता येणार नाही. म्हणजे कुणीतरी दोघं तिची वाट बघतील.

तिनं नाव दिलं.

निवडीच्या दिवशी तिची इंग्रजी दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा थांबलीच. तरी मूट कोर्टचं काम बघणाऱ्या पद्मजा मॅडमनी तिला घेतलं. "भाषा सुधारता येते," त्या म्हणाल्या. "पण हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतोय, हे कुणाच्या लक्षात आलं का?"

टीम ठरली. पहिली बोलणार शाल्मली, दुसरी रचना, संदर्भ बघायला सुहास. शाल्मली टिळकवाडीतली, आजोबा वकील, वडील वकील, काका वकील. सुहास अबोल, पण त्याच्या बॅगेत चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे असायचे, आणि दुसरं कुणी बोलत असताना तो भराभर चिठ्ठ्या लिहून पुढे सरकवायचा. दुपारी तास संपले की तिघं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसत. रचनाला यायला उशीर झाला की फोन वाजायचा. "अगं, कुठं आहेस? आम्ही सुरू नाही केलेलं." जिना चढताना हे वाक्य ती पुन्हा एकदा मनात ऐकायची.

खटला असा होता. एका साखर कारखान्याला वाढीची परवानगी मिळाली. मळीचं पाणी गावच्या विहिरीत उतरलं. गावकऱ्यांचं म्हणणं, परवानगी देण्याआधी जनसुनावणीची नोटीस आम्हाला मिळालीच नाही. निकाल गावाच्या बाजूनं लागला आणि कारखाना अपिलात गेला. दोन्ही बाजू तयार ठेवायच्या, कुठली वाट्याला येणार ते स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठीवर ठरणार. नोटिशीचा मुद्दा रचनाकडे होता.

अडचण वेगळीच निघाली. मूट कोर्टात न्यायाधीश सरळ ऐकून घेत नाहीत. वाक्य अर्ध्यावर असताना अडवतात, भलतंच विचारतात, आणि उत्तर देऊन पुन्हा त्याच वाक्यावर यावं लागतं. रचनाला अडवलं की ती विझायची.

"आमच्याकडे जेवतानासुद्धा कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही," शाल्मली हसत म्हणाली. "बाबा आणि काका दोघं माझं बेंच, न्यायाधीशच. भात वाढून घेईपर्यंत चार प्रश्न. काल तर आजी म्हणाली, 'काउन्सेल, आधी लोणचं इकडं द्या.'"

सुहास खो खो हसला. रचनाही हसली. पण ते जेवणाचं टेबल तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सगळे एकदम बोलताहेत, कुणी कुणाला सोडत नाही.

"घरी कुणालातरी समोर बसव," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांना सांग, मधे बोला."

त्या आठवड्यात आप्पांची पहिली पाळी होती. संध्याकाळी ते हातपाय धुऊन बसले, तेव्हा रचनानं घोंगडी उचलली आणि त्यांना लोखंडी खुर्चीवर बसवलं.

"आप्पा, तुमी आता जज."

"मी? बरं." ते सावरून बसले. वरचं बटण लावलं. "काय करायचं?"

"मी बोलणार. तुमी मधेच मला आडवायचं. कायबी विचारा."

"इंग्लिश मला कुठं येतंय गं?"

"मराठीतनं बोलते की."

ती उभी राहिली. हात पुढं बांधले, नजर खाली. कारखान्याची बाजू मांडायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपलं, ती श्वासाला थांबली.

"व्हय म्हाराजा," आप्पा म्हणाले.

रचनानं वर बघितलं. आप्पांनी हात जोडले होते. तिनं दुसरं वाक्य घेतलं. ते संपलं.

"व्हय म्हाराजा!"

"आप्पा!"

"काय झालं? तू थांबलीस म्हणून म्हटलं."

"आडवायचं म्हणालते न्हवं तुमाला?"

आप्पा ओशाळले. "तू उभारलीस तशी मला बा दिसला गं. आनि गाऱ्हाण्याच्या मधे कोण बोलतंय? पाप लागंल."

बा म्हणजे रचनाचा आज्जा, परशराम घाडी. गावात सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. जत्रा असो, पेरणी असो, कुणाचं जनावर हरवलेलं असो, आज्जा देवीसमोर उभा राहायचा, मान खाली, हात जोडलेले, आणि सगळ्या गावाचं म्हणणं एका दमात मांडायचा. मागं उभी असलेली माणसं प्रत्येक थांब्यावर एका आवाजात म्हणायची, व्हय म्हाराजा. लहानपणी रचना चौथऱ्याच्या पायरीवर बसून ते ऐकायची. आज्जाला जाऊन आता दोन जत्रा होऊन गेल्या होत्या. मान चुलत्यांकडे गेला. आप्पांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी सराव झाला नाही. पण झोपताना रचनाच्या ओठांवर मूटचं पहिलं वाक्य आलं ते आज्जाच्या चालीवर. कुठं दम घ्यायचा, कुठं आवाज उतरवायचा, कुठं एक शब्द दोनदा म्हणायचा. इंग्रजी शब्द त्या चालीत बसत गेले. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयामागच्या खोलीत उभी राहिली आणि सगळं म्हणणं न अडखळता मांडून खाली बसली. सुहासचा हात चिठ्ठीवर तसाच राहिला.

"हे कुठं लपवून ठेवलं होतंस?" शाल्मली म्हणाली.

 त्या दिवशी तिघं कॉलेजबाहेर चहाला गेली, आणि चहावाल्यानं न विचारता तीन कप ठेवले.

मॅडमनी एकच सूचना केली होती. "बेंचकडे बघ. नजर वर. आणि कुणी काहीही विचारलं तरी आपला मुद्दा हातचा सोडायचा नाही. 'तसं धरून चाललं तरी' असं म्हणायचं आणि पुढं जायचं." रचनानं ते वहीत लिहून घेतलं.

स्पर्धा निपाणीच्या एका कॉलेजात होती. सकाळच्या गाडीनं निघाले. काकती मागं पडली, संकेश्वर आलं, निपाणीत उतरल्यावर वखारींतून येणारा तंबाखूचा वास नाकात झोंबला. शाल्मली शिंकत शिंकत म्हणाली, "जज शिंकले तर तो आक्षेप धरायचा का?" रचना मोठ्यानं हसली, जरुरीपेक्षा जास्तच. तिला बरं वाटत होतं. इथं जिंकलं तर बेंगळूरला राज्यपातळीवर जायचं होतं. पण तिच्या मनात बेंगळूर नव्हतं. जिंकलं तर ही दुपारची खोली आणखी काही महिने राहील, एवढंच होतं.

तिथं कुणाला नाव नव्हतं. कॉलेजचं नाव सांगितलं तर टीम बाद, म्हणून प्रत्येकाच्या छातीवर नुसता क्रमांक. चिठ्ठीवर त्यांना कारखान्याची बाजू आली. पहिल्या फेरीत न्यायाधीशांनी फार छेडलं नाही, ती फेरी जिंकली. उपांत्य फेरीला बेंचवर दोघे होते, एक कोल्हापूरकडचे पिकल्या केसांचे वकील आणि एक तरुण बाई. शाल्मली बोलली, नेहमीसारखी धारदार. मग रचना उठली.

इतकं चांगलं ती आधी कधी बोलली नव्हती. आवाज सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. मान आपोआप खाली झाली. पहिला थांबा, दुसरा थांबा. प्रत्येक थांब्यावर तिच्या पाठीमागं गाव उभं असल्यासारखं वाटत होतं.

"काउन्सेल," पिकल्या केसांचे वकील म्हणाले. "गावाला नोटीस मिळाली नव्हती, हे तुम्ही मान्य करता का?"

गाऱ्हाण्यात काही मागायच्या आधी एक जागा येते. आज्जा तिथं आवाज अगदी खाली आणायचा. आई, तुझ्या लेकरांच्या हातनं जे चुकलं असंल, कळत चुकलं असंल, नकळत चुकलं असंल, ते आमचं आमच्या पदरात. ही चूक कबूल केल्याशिवाय पुढचं मागणं मागता येत नाही. देवीला सगळं आधीच ठाऊक असतं. तिच्यासमोर आडपडदा ठेवला तर गाऱ्हाणंच फुकट.

"येस, माय लॉर्ड," रचना खालच्या आवाजात म्हणाली. "मान्य आहे. ती आमची चूक झाली."

आणि ती थांबली. थांब्याची जागा होती ती.

मागून काही आलं नाही. पंख्याचा आवाज आला. टेबलावरून सुहासची पिवळी चिठ्ठी सरकत तिच्या हाताशी आली: मान्य करू नको.

वकिलांनी पेन ठेवलं. ते रागावले नव्हते. जरा वाईट वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग काउन्सेल, तुमच्या अपिलात आता उरलं काय?"

त्यानंतरचं रचनाला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. ती काहीतरी बोलली. वेळ संपल्याचं कार्ड वर झालं. समोरच्या टीमची मुलगी उठली आणि तिनं रचनाचंच वाक्य तीनदा उद्धृत केलं, दर वेळी "माझ्या विद्वान मैत्रिणीनं म्हटल्याप्रमाणे" असं म्हणून. स्पर्धेबाहेर पडल्याचं कळलं तेव्हा ग्लासातला चहा अजून गरम होता.

परतीच्या गाडीत तिघांना एकत्र जागा मिळाली नाही. रचना दाराजवळच्या सीटवर बसली. हत्तरगीचा टोलनाका गेल्यावर मधली वाट मोकळी झाली, तेव्हा शाल्मली उठून तिच्याजवळ आली. बसली नाही, दांडा धरून उभीच राहिली.

"तुला विचारत नव्हते गं ते. अडकवत होते तुला."

"कळलं."

"मग का म्हणालीस?"

रचनानं उत्तर खूप शोधलं. आज्जा, सातेरी, पायरी, हे सगळं गाडीच्या आवाजावरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. "तोंडातनं गेलं," ती म्हणाली.

शाल्मलीनं मान हलवली आणि आपल्या जागी गेली. काकतीजवळ उन्हं उतरली होती. खिडकीच्या काचेत रचनाला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि छातीवर राहून गेलेला क्रमांक.

आप्पा त्या दिवशी घरी होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पाणी दिलं.

"हारलो आमी. माझ्यामुळं. मी चूक कबूल केली."

आप्पांनी थोडा विचार केला. "देवीपुढं करतेत तशी?"

"व्हय."

"देवी कुठं मार्कं देतीया गं," आप्पा म्हणाले, आणि भात टाकायला उठले. पुढं काही विचारलं नाही. ती जेवली, ताट धुतलं, पालथं ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयामागच्या खोलीला कुलूप होतं. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये शेवटचा मेसेज रचनाचाच होता: आज किती वाजता? त्याखाली दोन निळ्या खुणा. कुणी तिला ग्रुपमधून काढलं नव्हतं, कुणी वाकडं बोललं नव्हतं. आणखी काही दिवसांनी व्हरांड्यात स्वरूप नावाचा चौथ्या वर्षाचा मुलगा शाल्मलीबरोबर जाताना दिसला. त्याच्या हातात नव्या स्पर्धेचा खटला होता, आणि मागून सुहास चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन चालला होता. दुसरा ग्रुप झाला होता, हे तिला तेव्हा कळलं. टीम तिघांचीच असते. तो नियम तिनं सगळ्यात आधी वाचला होता.

ती पुन्हा खिडकीकडच्या बाकावर बसू लागली. शेजारी कुणाची तरी बॅग. घरी लोखंडी खुर्चीवर घोंगडी तशीच होती. तिच्यासमोर उभं राहायचं आता कारण नव्हतं.

एका दुपारी पद्मजा मॅडमनी तिला जिन्यात थांबवलं. "रचना, आज मोकळी आहेस? सरावाला बेंच नाहीये. मी एकटी किती प्रश्न विचारणार? तू बस माझ्याबरोबर."

"मी, मॅडम? मला अडवायला येत नाही."

"अडवलेलं कसं वाटतं ते तर माहीत आहे ना? ये."

तीच खोली. पण या वेळी ती टेबलाच्या पलीकडे, खिडकीला पाठ करून बसली. समोर शाल्मली, स्वरूप, सुहास. सुहासनं हळूच हात वर केला. शाल्मलीनं कागद सारखे केले आणि सुरुवात केली. रचना ऐकत राहिली, हात मांडीवर, जणू देवळात. पाच मिनिटं गेली, सहा गेली.

"अगं, अडव की!" मॅडम कुजबुजल्या.

रचनानं कान दिला. तेव्हा तिला एक गोष्ट जाणवली. शाल्मलीचा आवाज एका ठिकाणी घाई करत होता. बाकी सगळीकडे ऐटीत चालणारी वाक्यं तिथं मात्र पदर सावरून भरभर निघून जात होती. तिथंच काहीतरी झाकलेलं होतं.

"काउन्सेल," रचना म्हणाली. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "जरा थांबा. हे पुन्हा सांगा."

शाल्मली थांबली. तिनं मान वर केली आणि रचनाकडे बघितलं. निपाणीनंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं. बघावंच लागतं, नियमच आहे तो. "येस, माय लॉर्ड," ती म्हणाली. क्षणभर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. "तसं धरून चाललं तरी..." आणि ती पुढे निघाली.

रचनानं पुन्हा अडवलं. मग पुन्हा. स्वरूपला तर तिनं घामच फोडला. "बाप रे, ही कुठून आणली?" तो सुहासला म्हणाला.

सराव संपला. फेरी संपली की टीमनं बाहेर जायचं आणि बेंचनं आत बसून गुण लिहायचे, अशी पद्धत. मॅडमना फोन आला, त्या उठून गेल्या. तिघं बाहेर पडली. व्हरांड्यातून त्यांचे आवाज आले, शाल्मलीचा सगळ्यात वरचा, "लई अडवलं हो बाईनं!" आणि हसणं. मग जिन्यावरची पावलं. चहाला चालले असतील. रचना गुण लिहीत बसली. शाल्मलीला तिनं चांगले गुण दिले, कारण शाल्मली चांगली बोलली होती. खोलीत रिकाम्या तीन खुर्च्या होत्या. त्यांच्याकडे बघताना तिला आपली घोंगडी आठवली आणि हसू आलं. ते हसू सांगायला कुणी नव्हतं. कागद घडी करून तिनं मॅडमच्या टेबलावर ठेवला.

घरी आली तेव्हा आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पायांना तेल लावत होते. तिनं घोंगडी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि लोखंडी खुर्ची त्यांच्यासमोर मांडून स्वतः बसली.

"आज काय केलासा?"

"काय करणार? काम." एवढंच उत्तर असायचं. इथंच बोलणं संपायचं.

"कसलं काम?"

आप्पांनी वर बघितलं. "साचं भरलं."

"किती तापलेलं असतंय ते लोखंड?"

"लई," आप्पा म्हणाले. मग, तिनं नजर काढली नाही म्हणून, ते थोडं बोलले. भट्टीचा रंग कसा बदलतो, नवीन पोरं कुठं चुकतात. सांगता सांगता गावाकडं वळले. यंदाच्या जत्रेला सुटी मिळंल का बघायला पायजे, आता तिकडं सगळं तुझे चुलतेच बघत्यात, बरं करत्यात, चांगलं चाललंय. हे शेवटचं ते भरभर म्हणाले आणि तेलाची बाटली बंद करू लागले.

रचनाला ती घाई ऐकू आली.

"आप्पा, थांबा. आज्जाच्या मागं गाऱ्हाणं तुमी का न्हाय घातलं?"

बाटलीचं झाकण आप्पांच्या हातात तसंच राहिलं. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.  रचना वाट बघत राहिली.

"मला फुडं उभारून बोलाय येत न्हाय गं," ते शेवटी म्हणाले. "बा असताना मी मागं असायचो. मागनं व्हय म्हाराजा म्हणायचं, तेवढंच येतंय मला. बा गेला त्या वर्षी समद्यांनी म्हटलं, भावकू, ये फुडं. मी गेलतो. उभारलो. तोंडातनं शब्दच न्हाय. देवी फुडं, गाव मागं, आनि मी मधे एकटाच..."

ते थांबले. ही थांब्याची जागा होती. व्हय म्हाराजा, असं रचनाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते आवरलं. खुर्ची जरा पुढं ओढली.

"मग?" तिनं विचारलं.